अतिविलंब शुल्कासह

खिडकी क्रमांक दोनच्या आत मी.
बाहेर जाळी, जाळीला लटकलेला कागद:
विनाविलंब बारा मेपर्यंत,
विलंब शुल्कासह वीस,
अतिविलंब शुल्कासह सत्तावीस.
त्यानंतर विचारू नये.

विचारायला कोणी येतच नाही.
ज्यांनी यायला हवं ते मार्चमध्येच
हजेरीतून एकेक गळतात,
मोह गळतो तसे, पहाटे, कोणी बघत नसताना.

माझ्याकडे एक वही आहे. सरकारी नाही.
जुन्या जमाखर्चाची, मागच्या पानापासून सुरू केलेली.
रैनू पोटावी, सेम चार, भूगोल. फोन किराणा दुकानाचा.
दसरू हलामी, इंग्रजी, तिसऱ्यांदा. टेकडीवर चढला तरच लागतो.
जैवंता उसेंडी, शेवटचं सेम.
मागचे सगळे पेपर सुटले. फॉर्म भरला नाही.

सगळे सुटले आणि फॉर्म नाही,
हे मला आंघोळ करतानाही आठवत राहतं.

फोन आईनं उचलला. गोंडीत काही म्हणाली,
मला येते ती बाजारापुरती.
मागे कोंबडा, मग जैवंता:
"येतो जी सर, फळी संपली का येतो."
फळी संपते तेव्हा तारीखही संपते, बाई.
"हो जी. पण पान थांबते का?"

मी बरंच जुळवून ठेवलं होतं बोलायला,
तीन वर्षं, भरतीची वयोमर्यादा,
एक वर्ष वाया म्हणजे काय
(मला माहीत आहे, माझी बी.ए. पाच वर्षांची)
पण तेंदूचं पान आठ दिवसांत निबर होतं,
त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तिचं गणितही चूक नव्हतं.
पंधरा दिवसांची फळी,
त्यात घराचं मीठ-तेल, धाकट्याची सायकल,
आणि मजा बघा,
गेल्या वर्षीची ह्याच कॉलेजची फी.

प्राचार्यांना दोनदा टिपण दिलं,
तारीख पंधरा दिवस पुढे न्यावी म्हणून.
ते म्हणाले, बोरकुटे,
विद्यापीठ काय झाडाला विचारून वेळापत्रक करतं?
मी म्हणालो, नाही सर, तेच तर लिहिलंय.
टिपण फायलीत गेलं, फाईल कपाटात.
कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.
काही उपयोग नाही.

सव्वीस तारखेला साहेबांना सांगितलं, दात दुखतो.
गाडीच्या डिक्कीत फॉर्म, शाईचं पॅड, गोंदाची बाटली,
आणि ग्रंथालयाच्या कार्डावरून
ब्लेडनं अलगद सोडवलेला तिचा फोटो.

फळीवर पुड्यांच्या ओळी, उन्हात पाठ वर करून.
पंचाच्या पाटीवर मांडी घालून मुन्शी हिशेब लिहीत होता.
जैवंता आईसोबत पुडे बांधत होती, ओठांत मोजणी.
मी म्हणालो, इथे सही कर.
तिनं मान हलवली, थांबा,
सदुसष्ट, अडुसष्ट,
एकोणसत्तर, सत्तर,
दोर आवळला, दातानं तोडला,
मग त्याच पुड्यावर फॉर्म ठेवून सही केली.
शिरांवरून पेन अडखळलं, 'उसेंडी'तला अनुस्वार
फाटून आरपार गेला.

पैसे? म्हणाली, चुकारा झाला का देतो.
मी वहीत लिहून घेतलं. मी काही संत नाही,
लिहून घेतलंच.
आई हसली, मला पाण्याचा तुंबा दिला
आणि गोंडीत काहीतरी विचारलं.
जैवंतानं सांगितलं, "म्हणते, हा माणूस
कागदाचा ठेकेदार आहे का?"

जूनमध्ये ती तीन पेपरांना आली,
चौथ्याला नाल्याला पूर होता, तरी आली,
गुडघ्यापर्यंत चिखल, हॉल तिकीट डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये.
निकाल लागायचा आहे.
चुकाराही व्हायचा आहे.

वहीत तिच्या नावापुढे अजून रेघ मारलेली नाही,
घाई करत नाही मी.
आज खिडकी बंद करायच्या आधी
पुन्हा दसरूला फोन लावतोय.
वाजतोय.
दसरू, टेकडीवर असशील तर उचल.